कयाधूला आश्रय कोण देणार?

परभणीहून गंगाखेडच्या दिशेने निघाले की पोखर्णी लागते. परभणी-परळी लोहमार्गावर या गावाचे स्थानक आहे आणि गावाच्या नावाला नृसिंहाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मराठवाड्यातील असंख्य घराण्यांचे हे कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीच्या निमित्ताने येथे भाविकांची दाटी होते. लग्नसराईत नवी जोडपी दर्शनाला येतात, वर्ष-दोन वर्षांनी तीच जोडपी तान्ह्या बाळाला घेऊन पुन्हा येतात. घराणे पुढे चालले, ही कृतज्ञता कुलदैवताच्या पायाशी ठेवण्याची ही रीत शेकडो वर्षांची आहे.

नृसिंहाची कथा सर्वांना ठाऊक असते. पण तिच्या आरंभी येणाऱ्या एका स्त्रीचा विसर सहज पडतो. ती म्हणजे प्रल्हादाची माता कयाधू. हिरण्यकशिपू तपश्चर्येला गेलेला, घर उद्ध्वस्त झालेले आणि गर्भवती कयाधू इंद्राच्या हाती सापडलेली. त्या वेळी नारदमुनी आडवे आले. त्यांनी तिला सोडवले आणि आपल्या आश्रमात नेले, अशी कथा भागवताच्या सातव्या स्कंधात आहे. नारदांनी तिला एक दिवसाचे अन्न देऊन वाटेला लावले नाही. पती परत येईपर्यंत तिला ठेवून घेतले, निर्भय केले, तिच्या मनाची मशागत केली. प्रल्हाद त्या आश्रमात घडला. नृसिंहावतार पुढची गोष्ट आहे. त्याआधी एका संकटग्रस्त तरुण मातेला दीर्घकाळ दिलेला आधार आहे. पोखर्णीच्या नृसिंहापुढे हात जोडणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाचा विचार या कथेच्या प्रकाशात करून पाहण्यासारखा आहे. कारण आज परभणी जिल्ह्यात कयाधू घरोघरी आहे. तिच्यासाठी योजना आहेत, निधी आहे, नोंदवह्या आहेत. प्रश्न असा की, आश्रम आहे काय?

जिल्ह्याच्या कपाळावरील आकडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील महाराष्ट्राची पाहणी २०१९ साली झाली. त्या वेळी २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते. राज्यातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडाही ४० टक्क्यांच्या वर होता. संतांच्या या भूमीत, गोदावरीच्या काठी, जवळजवळ प्रत्येक दुसरी मुलगी कायद्याने बालिका असतानाच संसाराला लागली, असा याचा सरळ अर्थ आहे.

या आकड्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक प्रतिक्रिया मागासलेपणाचा शिक्का मारून, परंपरेच्या नावाने बोटे मोडून मोकळी होते. दुसरी प्रतिक्रिया आकडाच नाकारते. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. परभणीतील बालविवाहाचे मूळ धर्मग्रंथांत शोधण्यापेक्षा ऊसतोडीच्या अर्थकारणात शोधले तर ते लवकर सापडते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या तरुणाला तेवढी उचल नाही. इकडे मुलीच्या आईबापांपुढे वेगळा प्रश्न असतो. सहा महिने आपण कारखान्याच्या फडावर, मग चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? शाळा आठवीनंतर दूर, वसतिगृहाची शाश्वती नाही. मुलीला ‘सुरक्षित’ करण्याचा त्यांना दिसणारा एकच मार्ग म्हणजे विवाह. ही अगतिकता समजून घेतली पाहिजे. मात्र समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. हे दोन्ही एकाच वेळी मनात बाळगता आले, तरच पुढचा विचार शक्य आहे.

अशा कुटुंबाची गरज कधीच एकेरी नसते. सोळा-सतरा वर्षांची आई, वीस-एकवीस वर्षांचा बाप, डोक्यावर उचलीचे कर्ज, अंगात रक्त कमी, मूल कमी वजनाचे, शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढलेले नाही, शाळेचा दाखला माहेरी, आधार कार्डावरील पत्ता जुना, आणि वर्षातील सहा महिने मुक्काम दुसऱ्याच जिल्ह्यात. त्यात नापिकी आली, घरातील कर्त्याने आत्महत्या केली तर कोवळ्या वयातील वैधव्यही. यातील एकेक गाठ स्वतंत्रपणे सोडवता येत नाही, कारण सर्व गाठी एकाच दोरीला पडलेल्या आहेत.

योजना आहेत, पण कुटुंब कोठे आहे?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज अंगणवाडी नसलेले मोठे गाव सापडणार नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे आहेत. पालक गमावलेल्या बालकांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २२५० रुपयांवर नेण्यात आले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य दिले जाते. त्यातील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये घोषित झाली. यादी बरीच लांबवता येईल.

या यादीतील प्रत्येक योजनेचे मूल्यमापनही होते. किती निधी आला, किती खर्च झाला, किती लाभार्थी, उद्दिष्टाच्या किती टक्के. आढावा बैठकीत तक्ते मांडले जातात, ज्या तालुक्याचा टक्का कमी त्याची कानउघाडणी होते. यात वावगे काही नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच. मात्र हा खर्चाचा हिशेब झाला, परिणामाचा नव्हे. त्या तक्त्यात माता आहे, बालक आहे, विधवा आहे, शेतकरी आहे, मजूर आहे. फक्त कुटुंब नाही. महिला व बालविकास विभागाला बाळ दिसते, आरोग्य विभागाला गर्भ दिसतो, महसूल विभागाला सातबारा दिसतो, सामाजिक न्याय विभागाला ऊसतोड कामगार दिसतो. एकाच छपराखाली राहणारी ही सारी माणसे चार नोंदवह्यांत चार ठिकाणी विभागली जातात. नृसिंहाने हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावर केला, ना घरात ना घराबाहेर. आजचे तरुण कष्टकरी कुटुंबही अशाच उंबरठ्यावर उभे आहे. फरक इतकाच की, त्या उंबरठ्यावर भक्ताचे रक्षण झाले होते. या उंबरठ्यावर अर्ज अपात्र ठरतो.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण अल्पवयीन मातेचे आहे. मातृ वंदना योजनेचा लाभ अठरा वर्षांखालील मातेला मिळत नाही. हा नियम सद्हेतूने केलेला आहे. बालविवाहाला उत्तेजन मिळू नये, ही त्यामागील भूमिका. दुसरीकडे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अल्पवयीन गर्भवतीची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. तोही कायदा आवश्यक आहे. परंतु दोन्हींचा एकत्रित परिणाम असा की, कुटुंब गर्भारपण लपवते किंवा वय वाढवून सांगते. नोंदणी उशिरा होते, तपासण्या चुकतात, लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत. ज्या मुलीच्या जिवाला सर्वाधिक धोका, तीच नोंदवहीतून सर्वप्रथम अदृश्य होते. मग त्या नोंदवहीवर आधारलेल्या मूल्यमापनात सारे आलबेल दिसले तर आश्चर्य कसले?

दुसरे उदाहरण आपल्याच रूढीतील आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही मायेची आणि शहाणपणाची रीत. पण गर्भवतीची नोंद सासरच्या गावी आणि प्रसूती माहेरच्या गावी झाली की, दोन आशा कार्यकर्त्यांत आणि दोन उपकेंद्रांत जबाबदारी दुभंगते. बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत गृहभेटी कोणी द्यायच्या? सासरची आशा म्हणते, ती येथे नाही. माहेरची म्हणते, तिची नोंद येथे नाही. नंतर जोडपे फडावर गेले की तिसरे गाव येते. समाजाची रीत ध्यानात न घेता आखलेली योजना कागदावर कितीही रेखीव असली, तरी ती त्या समाजाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

पाश्चात्त्यांचा धडा

ही अडचण केवळ भारताची नाही. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडमधील शहरांत दंगली उसळल्या. त्यानंतर २०१२ साली तेथील सरकारने ‘ट्रबल्ड फॅमिलीज’ नावाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बेकारी, गुन्हेगारी, मुलांची शाळागळती अशा अनेक समस्यांनी ग्रासलेल्या सुमारे १ लाख २० हजार कुटुंबांना मार्गावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. स्थानिक संस्थांना परिणामानुसार पैसे देण्याची पद्धत ठरली. तीन वर्षांनी जवळजवळ ९९ टक्के कुटुंबे मार्गी लागल्याचे सरकारने जाहीर केले. २०१६ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झाले, तेव्हा या कार्यक्रमाचा बेकारी, गुन्हेगारी वा शाळेतील गैरहजेरीवर लक्षणीय परिणाम आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ज्यांना यशाचे पैसे मिळणार होते, त्यांनीच यश मोजले. ९९ टक्के आकडा असा उभा राहिला. मदत न मिळालेल्या तशाच कुटुंबांशी तुलना करून पाहिली तेव्हा खरे चित्र दिसले. पुढच्या टप्प्यात पद्धती सुधारल्या गेल्या आणि २०१९ च्या मूल्यमापनात काही परिणाम दिसलेही. विशेषतः आईबापांपासून दूर करून सरकारी देखरेखीत ठेवाव्या लागणाऱ्या मुलांचे प्रमाण तशाच अन्य कुटुंबांच्या तुलनेत घटले. म्हणजे कार्यक्रम मुळात निरर्थक नव्हता. त्याची पहिली फुशारकी निरर्थक होती.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७७ साली डेव्हिड ओल्ड्स यांनी एक प्रयोग आरंभला. गरीब, अल्पवयीन किंवा अविवाहित अशा पहिलटकरणींच्या घरी प्रशिक्षित परिचारिकेने गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जायचे. पंधरा वर्षांनी पुन्हा पाहणी केली असता त्या घरांत मुलांच्या छळाचे व हेळसांडीचे प्रकार कमी आढळले. तोच नमुना इंग्लंडने उचलला. तेथे सुमारे साडेसोळाशे तरुण मातांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि बाळाचे जन्मवजन, लगेच दुसरे गर्भारपण अशा मुख्य निकषांवर फरक दिसला नाही. कारण काय असावे? इंग्लंडमध्ये प्रत्येक मातेला मिळणारी नेहमीची आरोग्यसेवाच बऱ्यापैकी सक्षम होती. तिच्यावर ही नवी सेवा फारशी भर घालू शकली नाही. एका देशात रुजलेले रोप दुसऱ्या मातीत तसेच फोफावत नाही, हा पहिला बोध. दुसरा बोध असा की, चांगल्या हेतूचीही परीक्षा घ्यावी लागते आणि अपयशाचा निकाल उघडपणे छापावा लागतो. पश्चिमेकडून घ्यायचे असेल तर हा प्रामाणिकपणा अवश्य घ्यावा.

महाराष्ट्राने केलेले काम

अर्थात त्यासाठी साता समुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालकांची सेवा करण्याचा प्रयोग १९९५ पासून केला. गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण दिले. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवा मिळालेल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९७-९८ पर्यंत २५ च्या घरात आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. आज पोखर्णीतील बाळंतिणीच्या दारी आशाताई जाते, त्यामागे गडचिरोलीच्या गावकरी स्त्रियांचे कर्तृत्व आहे. एक साधा, मोजता येणारा आणि टाळता न येणारा प्रश्न त्या प्रयोगाने विचारला : बाळ जगले की नाही?

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये स्थापन केलेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन हे दुसरे उदाहरण. त्याचे मुख्यालय मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादला होते. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांवर या मिशनने पुढे भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के बालके खुजी होती. २०१२ च्या स्वतंत्र पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आले. तो काळ राज्याच्या आर्थिक वाढीचाही होता. सारे श्रेय एकट्या मिशनचे नव्हे. तरीही विविध विभाग एका ध्येयासाठी जुंपले तर काय घडू शकते, हे यातून दिसले.

मात्र पुढची कहाणीही सांगितली पाहिजे. पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९ मध्ये ३५.२ टक्के झाले. म्हणजे घसरण थांबली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण तर याच काळात ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेले. माताच कोवळी आणि रक्तहीन असेल तर बाळाला दिलेला पोषण आहार कोठवर पुरणार? अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसणारा दोष अनेकदा लग्नमंडपात जन्माला आलेला असतो.

कडोळीच्या सुपुत्राची दृष्टी

या प्रश्नावर मूलगामी विचार करणारा एक महापुरुष याच मातीत जन्मला, ही गोष्ट परभणीकरांनी अभिमानाने स्मरावी. नानाजी देशमुख यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील कडोळी या गावी झाला. १९९९ मध्ये विभाजन होऊन ते गाव आता हिंगोली जिल्ह्यात आहे. साठी गाठताच राजकारणातून निवृत्त होऊन नानाजींनी ग्रामविकासाला वाहून घेतले. चित्रकूट परिसरात दीनदयाळ शोध संस्थानच्या वतीने त्यांनी ‘समाजशिल्पी दांपत्य’ ही योजना राबविली. पदवीधर तरुण पती-पत्नींनी खेड्यात जाऊन राहावयाचे, पाच-पाच गावांच्या समूहाची काळजी वाहावयाची, शेती, आरोग्य, शिक्षण, तंटामुक्ती अशा सर्व अंगांनी गावाला स्वावलंबी करावयाचे. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००५ मध्ये चित्रकूटला भेट देऊन या कार्याची प्रशंसा केली. २०१९ मध्ये नानाजींना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले.

नानाजींनी एकटा कार्यकर्ता का पाठवला नाही? दांपत्यच का पाठवले? यामागे पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मांडलेले एकात्म मानवदर्शन आहे. माणूस हा सुटा घटक नाही. तो कुटुंबात जगतो, कुटुंबात घडतो. म्हणून संसाराच्या अडचणी संसारी माणसांनाच सांगता येतात. नवी सून आपले दुखणे पुरुष कार्यकर्त्याला सांगणार नाही. समाजशिल्पीच्या पत्नीला सांगेल. तरुण नवरा उचलीचे कर्ज, दारूची सवय, हताशपणा आपल्याच वयाच्या संसारी माणसाशी बोलेल. नानाजींचे समाजशिल्पी खाते बनून आले नाहीत, शेजारी म्हणून राहिले. कयाधूला आश्रम हवा होता. समाजशिल्पी दांपत्याचे घर हा त्या आश्रमाचाच आधुनिक अवतार होय.

मराठवाड्यात सेवेची ही परंपरा नवी नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळात रा. स्व. संघ जनकल्याण समितीचा जन्म झाला. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून उभे आहे. संघशताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंचपरिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान मिळाले आहे. नेमक्या याच वेळी एक कठोर प्रश्न स्वतःला विचारणे संघटनेच्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते. शासनाच्या तक्त्यांवर टीका करणे सोपे आहे. सेवाकार्यांच्या वार्षिक वृत्तांतात तरी वेगळे काय असते? इतकी केंद्रे, इतकी शिबिरे, इतके रुग्ण तपासले, इतक्या महिलांना शिलाई यंत्रे दिली. शिलाई यंत्र मिळालेल्या भगिनीचे पुढे काय झाले? ते यंत्र आजही चालते की गहाण पडले? तिची मुलगी कितव्या वर्षी उजवली गेली? याचे उत्तर वृत्तांतात नसेल, तर निष्ठा कितीही निर्मळ असली तरी हिशेब अपुराच राहिला.

मूल्यमापन कसे असावे?

तरुण, बहुविध अडचणींत सापडलेल्या कुटुंबांसाठीच्या कोणत्याही उपक्रमाचे मूल्यमापन, मग तो उपक्रम शासनाचा असो वा समाजाचा, पाच साध्या प्रश्नांनी करता येईल. पहिला प्रश्न : कुटुंब हा एकक धरला आहे काय? एका घराची एकच नोंद, तिच्यात माता, बालक, कर्ज, स्थलांतर, शिक्षण सारे एकत्र, आणि त्या घराला उत्तरदायी असा एक माणूस. दुसरा प्रश्न : जे कुटुंब नोंदवहीत आलेच नाही, त्याचा शोध घेतला काय? अल्पवयीन मातेला शिक्षा म्हणून सेवेपासून तोडले, तर मूल्यमापन सुरू होण्यापूर्वीच खोटे ठरते. तिसरा प्रश्न : तुलना कोणाशी केली? पाऊसकाळ चांगला झाला, ऊसदर वाढला आणि कुटुंबे सावरली, तर ते श्रेय उपक्रमाने घेऊ नये. चौथा प्रश्न : मोजणारा कोण? ज्याची बढती, अनुदान किंवा प्रतिष्ठा आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्या हाती तराजू देऊ नये. शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या समाजकार्य विभागाने वा दुसऱ्या संस्थेने पाहणी करावी. पाचवा प्रश्न : किती काळाने मोजले? धनादेश वाटपाच्या दिवशी सारीच कुटुंबे सुखी दिसतात. खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आणि अखेर त्या घरातील मुलगी अठरा वर्षांची होते तेव्हा असते.

यावर दोन आक्षेप येतील. अल्पवयीन मातेला मदत केली तर बालविवाहाला मान्यता मिळेल, हा पहिला. हा आक्षेप गंभीर आहे, पण तो दोन गोष्टींची गल्लत करतो. विवाह रोखण्याची जबाबदारी विवाहापूर्वीची आहे आणि ती वडीलधाऱ्यांची आहे. गर्भ राहिल्यानंतर समोर असतात ते दोन कोवळे जीव. त्यांना उपाशी ठेवून गुन्हेगाराला धडा मिळत नाही. कारवाई लग्न लावणाऱ्यांवर व्हावी, लोहाची गोळी मुलीला मिळावी. नारदांनी कयाधूला आश्रय देताना ती कोणाची पत्नी आहे, हे पाहिले नव्हते. इंद्रासमोर त्यांनी तिच्या उदरातील जीवाची ग्वाही दिली होती. दुसरा आक्षेप असा की, एवढी मोजमापे म्हणजे कार्यकर्त्यांवर कागदांचा नवा बोजा. तो खरा आहे. अंगणवाडी सेविकेच्या हातात वही, मोबाइल आणि छायाचित्रांची सक्ती यांतून बाळाला उचलून घ्यायला हात मोकळा राहत नाही, ही तिची तक्रार रास्त आहे. म्हणूनच मोजावे थोडे, पण खरे. शंभर रकाने भरण्यापेक्षा पाच प्रश्नांची सच्ची उत्तरे अधिक मोलाची.

प्रारंभ मंडपापासून

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. महाराष्ट्रात ग्रामसेवक हा गावपातळीवरील प्रतिबंधक अधिकारी आहे. १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. तरीही ४८ टक्के हा आकडा उभा राहिला, कारण लग्न ही कधीच गुप्त गोष्ट नसते. छापखान्यात पत्रिका छापली जाते, पुरोहित मुहूर्त काढतात, मंडपवाला मंडप घालतो, आचारी पंगतीचा अंदाज घेतो, गावातील प्रतिष्ठित मंडळी आहेर घेऊन येतात. त्यांच्यात सरपंच असतात, शिक्षक असतात, सर्व पक्षांचे पुढारी असतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर शाखेत प्रार्थना म्हणणारेही असतात. नवरीच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे वय कोणाला कळत नाही असे नाही. तरी अक्षता पडतात.

परभणी जिल्ह्यातील प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने एवढा एक संकल्प करावा : मुलीच्या वयाची खात्री झाल्याशिवाय अक्षता हाती घ्यायची नाही, आणि विवाह थांबला तर त्या मुलीच्या शिक्षणाची व राहण्याची व्यवस्था केल्याशिवाय स्वस्थ बसायचे नाही. दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे. केवळ लग्न मोडून निघून जाणारा माणूस त्या आईबापांना शत्रू वाटतो. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत मुलीला आपल्या घरी ठेवून घेणारा माणूस आप्त वाटतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या किती मध्यमवर्गीय घरांत एका मुलीपुरती जागा निघणार नाही? किती निवृत्त शिक्षक दांपत्यांना दोन मुलींचा अभ्यास घेता येणार नाही? शासनाची वसतिगृहे बांधून होतील तेव्हा होतील. फडाला जाणाऱ्या टोळ्या त्यासाठी थांबत नाहीत.

पुढील राष्ट्रीय सर्वेक्षणांत परभणीचा आकडा उतरला, तर सर्वांनाच त्याचे श्रेय घ्यावेसे वाटेल. श्रेय कोणाचे, याचा निर्णय पोखर्णीच्या वाटेवर आपोआप होईल. नृसिंहाच्या दर्शनाला येणारी नवी नवरी विशीतली असेल, तिच्या कडेवरचे बाळ वर्षाने आपल्या पायांनी देवळाची पायरी चढेल आणि त्या जोडप्याला अडीनडीला कोणाचे दार ठोठवायचे, हे नावानिशी ठाऊक असेल. ज्या उपक्रमामुळे एवढे घडेल तो यशस्वी. बाकी सारे तक्ते बैठकीपुरते.